फोटोतलं हाड

गेल्या डिसेंबरात धामापूरला एका घराच्या मागच्या पडवीत आम्ही तीन दिवसांची डार्करूम उभी केली होती. झरोक्यांना काळं प्लास्टिक, दाराला दुहेरी गोधडी आणि वर झिरोचा लाल बल्ब. हाच बल्ब कित्येक घरांत देव्हाऱ्यात जळत असतो, तो मुद्दाम उसना आणला होता. वाडीतली आणि आसपासच्या गावांतली आठ मुलंमुली काचेवर स्वतःच्या हातानं रसायन ओतून, बाजारातली फिल्म न वापरता, फोटो बनवायला शिकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतले एक आजोबा बघायला आले. ताटलीत पाण्यात फुगत ठेवलेल्या पिवळट दाण्यांकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ह्या काय गो?"

"जिलेटिन, आजोबा."

"ता कशाचा करतत?"

खोटं बोलायचं नव्हतं. "ढोरांच्या हाडांचं आणि कातड्याचं."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या बापाशीन ढोरा ओढूचा सोडल्यान, म्हणान गावान आमका वाळीत टाकल्यान. आणि तुमी तीच हाडा परत घरात घेवन इलात?" आणि उठून गेले.

मुलं माझ्याकडे बघत राहिली. समाजशास्त्रात एम.ए. करताना शुद्धाशुद्धतेवर मी पानंच्या पानं लिहिली आहेत, द्युमाँ आणि श्रीनिवास पाठ केले आहेत. पण त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला दिलेलं उशिराचं उत्तर आहे. पटलं नाही तर जरूर भांडा.

आधी प्रकरण काय आहे ते सांगते, कारण मोबाइलवर फोटो काढणाऱ्या आपल्या पिढीला 'ड्राय प्लेट' हा शब्दच माहीत नसतो. फिल्मचा रोल येण्याआधी फोटो काचेवर निघायचे. आपले म्हातारे अजूनही एक्स-रेला 'प्लेट' म्हणतात, तो शब्द तिथून आला. १८५१ नंतरची पद्धत ओल्या प्लेटची होती: काचेवर कलोडियन ओतायचं, चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायचं आणि ते सुकायच्या आत, म्हणजे दहापंधरा मिनिटांत, फोटो काढून धुवून मोकळं व्हायचं. त्यामुळे फोटोग्राफरला तंबू, रसायनांच्या पेट्या आणि त्या वाहणारे हमाल घेऊन फिरावं लागे. त्या काळातल्या किल्ल्यालेण्यांच्या फोटोंखाली साहेबाचं नाव असतं, हमालांचं नसतं.

१८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरनं दुसरी वाट सुचवली. कलोडियनमधल्या ईथरच्या वाफांनी त्याची तब्येत बिघडत होती, म्हणून त्यानं कलोडियनऐवजी जिलेटिन वापरून पाहिलं. नेल्सन कंपनीचं, स्वयंपाकघरात जेली करायला वापरतात तसलं. त्यात चांदीचा ब्रोमाइड क्षार तरंगत ठेवला आणि काचेवर सुकवला. प्लेट आधी बनवून ठेवता येऊ लागली, महिन्यांनंतर वापरता येऊ लागली, बाजारात विकता येऊ लागली. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट यानं दाखवलं की हे मिश्रण काही दिवस कोमट ठेवलं की त्याचा प्रकाश टिपण्याचा वेग खूप वाढतो. दोन वर्षांत अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन या प्लेटा विकायला लागला, आणि त्याच धंद्यातून पुढे कोडॅक उभी राहिली. (१८७१ हे साल आपण वेगळ्या कारणानं लक्षात ठेवतो. त्याच वर्षी गुन्हेगार जमाती कायदा आला. माणसाला जन्मानं गुन्हेगार ठरवून त्याची नोंद ठेवणारं राज्य आणि माणसाची छबी स्वस्तात साठवणारी काच यांची सुरुवात एकाच साली झाली. हा योगायोग आहे, पण विसरावा असा नाही.)

आम्ही धामापुरात केली ती हीच मॅडॉक्स-बेनेटची पद्धत. लाल दिव्यात, पन्नासेक अंश तापमानाच्या जिलेटिनच्या पाण्यात ८ ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड आणि चिमूटभर आयोडाइड. त्यात १० ग्रॅम सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण थेंबथेंब, सतत ढवळत. मिश्रण दुधासारखं होतं. ते गरम ठेवून पिकवायचं, मग बर्फात ठेवून खरवसासारखं घट्ट करायचं, फडक्यातून दाबून त्याच्या शेवया पाडायच्या आणि थंड पाण्यात धुवायच्या, म्हणजे नको असलेले क्षार निघून जातात. पुन्हा वितळवून काचेवर ओतायचं. काच खडूच्या भुकटीनं घासून इतकी स्वच्छ हवी की पाणी एकसारखं पसरलं पाहिजे. एका घाण्यात पोस्टकार्डाएवढ्या तीसचाळीस प्लेटा होतात. रात्रभर काळोखात सुकल्या की तयार.

लिहायला सोपं आहे. पहिल्या दिवशी कुणीतरी सिल्व्हर नायट्रेट विहिरीच्या पाण्यात विरघळवलं आणि ते तिथल्या तिथे पांढरं फटक झालं. किनारपट्टीच्या पाण्यात मीठ असतं, आणि चांदीला मीठ भेटलं की वेगळाच क्षार तयार होतो. सगळी चांदी वाया. मग बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणले. त्याच संध्याकाळी धुण्याच्या पाण्यात बर्फ कमी पडला आणि एका मुलीच्या प्लेटवरचा सगळा थर कडेपासून सुटून पाण्यात सालीसारखा तरंगायला लागला. जिलेटिन तिशीच्या पुढे वितळतं आणि पंचविशीलाच हलायला लागतं. युरोपच्या थंडीत जमलेलं हे तंत्र कोकणात चालवायचं तर क्रोम अलम घालून थर टणक करावा लागतो, नाहीतर डिसेंबर-जानेवारीची वाट बघावी लागते. सिल्व्हर नायट्रेट अंगाला लागलं की कातडी काळी पडते, आठवडाभर कुठल्याही साबणानं जात नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत आठही जणांची बोटं काळी झाली होती. एका मुलानं विचारलं, "ताई, कॉलेजात विचारलं तर काय सांगू?" सांग म्हटलं, चांदी आहे.

आता हाडाकडे येऊ.

फोटोच्या इतिहासाची पुस्तकं जिलेटिनला 'माध्यम' म्हणून पुढे जातात. चांदीचे कण धरून ठेवणारा नुसता डिंक, अशी त्याची ओळख. पण हा डिंक नुसता नाही हे कारखानदारांना पैसे मोजून शिकावं लागलं. १८८२ च्या सुमारास ईस्टमनच्या प्लेटा अचानक नासू लागल्या. प्रकाश टिपेनात, ग्राहक परत पाठवू लागले, कारखाना बंद ठेवायची वेळ आली. कृती तीच, माणसं तीच. शेवटी तो इंग्लंडला गेला आणि उलगडा झाला: आलेलं जिलेटिनच वेगळं होतं. कारण समजायला आणखी चाळीस वर्षं गेली. १९२५ मध्ये कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्ड या रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की जिलेटिनमध्ये गंधकाच्या संयुगांचा अत्यल्प अंश असतो आणि चांदीचा क्षार प्रकाशाला संवेदनशील होतो तो त्यामुळे. हा अंश येतो ढोरांनी खाल्लेल्या मोहरीसारख्या वनस्पतींतून. म्हणजे ज्या जनावरानं माळावर काय चरलं, त्यावर फोटो उमटणार की नाही हे ठरत होतं. मेलेलं ढोर फोटोतला निर्जीव डिंक नव्हतंच. फोटोची नजर त्याच्यातूनच येत होती.

आता आपल्या देशात या. १८५७ मध्ये काडतुसाला गाय-डुकराची चरबी लावली आहे एवढ्या बातमीवर छावण्या पेटल्या. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांत गुरांच्या हाडाकातड्यापासून केलेल्या जिलेटिनच्या प्लेटा आणि पुढे जिलेटिनचाच थर असलेला फोटोचा कागद या देशात पेट्या भरभरून आला. त्यावर राजेरजवाड्यांचे फोटो निघाले, शंकराचार्यांचे निघाले, सनातन धर्म परिषदांचे निघाले, सोवळ्यात बसलेल्या भटजींचे निघाले. देवांच्या मूर्तींचे फोटो निघाले, फ्रेम होऊन देव्हाऱ्यात गेले आणि त्यांना रोज गंध लागू लागलं. दंगल झाली नाही. प्रायश्चित्त कुणी घेतलं नाही. हाड गावकुसाबाहेर पडलेलं असतं तेव्हा त्याला विटाळ असतो. तेच चुन्यात आणि आम्लात भिजून, उकळून, गाळून पांढऱ्या पुडक्यात आलं की विटाळ विरघळतो. चिकटून राहतो तो फक्त ते हाड उचलणाऱ्याला.

इंग्रजांच्या काळात भारतातून हाडं आणि हाडांचा चुरा जहाजं भरून युरोपात जात असे, खतासाठी, सरसासाठी, जिलेटिनसाठी. गावोगाव हाडं गोळा करणारं, कातडं सोलणारं, ढोर ओढून नेणारं कोण होतं हे या ब्लॉगच्या वाचकांना सांगायला नको. महाराष्ट्रात महारांना ते वतनाच्या कामात बांधून दिलेलं होतं, पुढची कातडी कमावण्याची कामं ढोर-चांभारांकडे. बंदरातला व्यापारी हाडावर पैसा करत होता आणि हाड उचलणारा पाणवठ्याला शिवू शकत नव्हता.

म्हणूनच १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याबरोबर मेलेली ढोरं आणि मृतमांस सोडण्याचा प्रश्न हाती घेतला. आपल्यातले काही जण आज म्हणतात की हा 'संस्कृतीकरणा'चा प्रकार होता, वरच्या जातींची शुद्धता आपण उसनी घेतली. मला हे अजिबात पटत नाही. नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनीच एक आठवण सांगितली आहे. केसरीत कुणीतरी कातडं, शिंगं, खुरं, हाडं यांचा हिशेब मांडून दाखवला होता की ढोरं ओढणं सोडलं तर महारांचं वर्षाला ५०० रुपयांचं नुकसान होतं. बाबासाहेबांचं उत्तर साधं होतं: एवढा फायदा आहे तर तो तुम्हीच घ्या, वर मी पदरचे पैसे देतो. कुणी पुढे आलं नाही. या उत्तरात हाड अपवित्र असल्याचा उल्लेखच नाही. ते काम नाकारण्याचा हक्क एका बाजूला जन्मानं आहे आणि दुसऱ्या बाजूला जन्मानं नाही, यावर त्यांचं बोट होतं.

याच्या उलट टोकाचा प्रयोग आपल्या सिंधुदुर्गातच झाला, आणि त्याची चर्चा आपल्याकडे कमी होते. आप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना कोकणचे गांधी म्हणतात, त्यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावं म्हणून उपोषण केलं होतं. पुढे १९४८ मध्ये कणकवलीजवळ त्यांनी गोपुरी आश्रम काढला. तिथे संडास, खत, गोबर गॅस यांच्याबरोबर मेलेली ढोरं फाडण्याचं आणि कातडं कमावण्याचंही काम होतं, आणि जन्मानं ब्राह्मण असलेले आप्पासाहेब ते स्वतः करत. माणूस प्रामाणिक होता, त्यांच्या निष्ठेवर मी शंका घेणार नाही. तुमच्याआमच्यातल्या किती सुधारकांनी ढोराला हात लावला असता? पण ब्राह्मणानं ढोर सोललं की तो त्याग ठरतो, त्याचं चरित्र लिहिलं जातं. महारानं सोललं की तो महारच राहतो. कामाला प्रतिष्ठा देण्याच्या गांधीवादी मार्गाची मर्यादा इथे आहे. आजोबांच्या वडिलांना प्रतिष्ठा आश्रमातल्या चर्मालयानं दिली नाही. ती त्यांनी काम नाकारून, वाळीत राहून मिळवली. हाड सोडण्याचं स्वातंत्र्य आधी हवं. ते असेल तरच हाड हातात घेण्याला काही अर्थ आहे.

आणि ते स्वातंत्र्य अजूनही पुरतं मिळालेलं नाही. ११ जुलै २०१६ ला गुजरातमध्ये उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या भावांना गाडीला बांधून मारलं. त्या मारहाणीचं चित्रण मारणाऱ्यांनीच केलं आणि मोबाइलवर पसरवलं, हे लक्षात ठेवा. त्यांना ती लाजेची गोष्ट वाटत नव्हती, ती त्यांची फुशारकी होती. पण तोच व्हिडिओ देशभर गेला, लोक रस्त्यावर आले, सुरेंद्रनगरला जिल्हाधिकारी कचेरीसमोर मेलेली जनावरं आणून टाकली गेली. चित्र काढणाऱ्याच्या हातातून सुटलं आणि त्याच्यावरच उलटलं.

कॅमेरा कुणाच्या हातात, हा प्रश्न उन्यापासून सुरू होत नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली. तिच्या कार्यकारिणीत डॉ. नारायण दाजी होते, भाऊ दाजी लाडांचे बंधू. भाऊ दाजींचं मांद्रे हे जन्मगाव आमच्या सिंधुदुर्गाला लागून, तेरेखोलच्या पलीकडे. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. आता त्याच मुंबई इलाख्यात त्यानंतर वर्षभरानं काय झालं? धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला, नाकारला गेला, त्यानं १८५६ मध्ये सरकारकडे अर्ज केला आणि सरकारनंही हात झटकले. बाबासाहेबांनी हे प्रकरण आपल्या लिखाणात पुन्हा पुन्हा मांडलं आहे. कॅमेऱ्यामागे उभं राहण्यासाठी शाळा लागत होती, इंग्रजी लागत होती, पैसा लागत होता. आपल्या वाट्याला कॅमेऱ्यासमोरची जागा आली, तीही नमुना म्हणून.

विल्यम जॉन्सन यानं १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या 'वंश आणि जमातीं'चे दोन खंड काढले. माणसांचे फोटो एकीकडे काढायचे आणि मागे दुसऱ्याच जागेचं दृश्य जोडायचं, अशी त्याची युक्ती. माणूस त्याच्या जागेवरून उचलून दुसरीकडे चिकटवायचा आणि खाली जात लिहायची. सरकारनं १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड छापले, ४६८ फोटो. प्रत्येकाखाली ही जात कशी, तिचा स्वभाव कसा, भरवशाची की नाही याची टिपणी. फोटोतल्या बहुतेकांचं नाव नाही. आजच्या जातीच्या दाखल्यावर निदान नाव तरी असतं.

या फोटोंबद्दल एक गोष्ट पुस्तकांतून माझ्या ध्यानात आली नव्हती, ती पडवीत आली. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलांनी हौसेनं निळा झेंडा आणि पंचशील ध्वज अंगणात लावले आणि चार सेकंदांचा एक्स्पोजर देऊन फोटो काढला. प्लेट धुतली, कागदावर छाप घेतली, आणि सगळे ओरडले: झेंडा गेला! निळा रंग फिकट राखाडी झाला होता, त्यावरचं पांढरं अशोकचक्र डोळे ताणून शोधावं लागत होतं. पंचशील ध्वजाचे तर दोनच रंग उरले होते. निळा आणि पांढरा दोन्ही उजळ. पिवळा, लाल, केशरी तिन्ही काळे. मागच्या माडपोफळी काळ्याकुट्ट, आभाळ कोरं पांढरं.

कारण सोपं आहे. चांदीचा ब्रोमाइड क्षार फक्त निळा-जांभळा प्रकाश पाहतो. लाल त्याला दिसतच नाही, म्हणून तर आम्ही लाल बल्बखाली काम करू शकतो. निळं जे जे आहे ते त्याला झगझगीत उजेड वाटतं. लाल-पिवळं जे जे आहे तो काळोख. आणि आपली कातडी? तपकिरी रंग निळा प्रकाश फार कमी परतवतो. त्यामुळे या प्लेटवर सावळा माणूस डोळ्याला दिसतो त्याहून काळा येतो, चेहऱ्यावरच्या छटा बुजतात, ओठ काळे पडतात. एका मुलीनं स्वतःचा फोटो बघून उलटाच ठेवला. तिची समजूत काढायला मला अर्धा तास लागला, आणि मनात मी त्या आठ खंडांकडे पुन्हा बघत होते. ओल्या प्लेटलाही हाच दोष होता. म्हणजे 'काळे, रानटी, निर्विकार' असे जे चेहरे तिथे छापले गेले, त्यातलं थोडं काळेपण माणसाचं नव्हतं, काचेचं होतं. टिपणी लिहिणाऱ्यानं ते माणसाच्या स्वभावाच्या खाती जमा केलं. १८७३ मध्ये हेरमान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञानं रंगद्रव्य मिसळून प्लेटला हिरवा-पिवळाही दिसेल अशी सोय केली आणि हळूहळू हा दोष कमी झाला. तरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रंगीत फिल्मचा छाप जुळवायला कोडॅक एका गोऱ्या बाईचा फोटो नमुना म्हणून लॅबना पाठवत होती. यंत्राला जात नसते म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. यंत्र कुणाला माप धरून जुळवलं आहे ते विचारावं लागतं.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांना हे आपल्याआधी कळलं. गुलामगिरीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस हा एकोणिसाव्या शतकात सर्वाधिक फोटो काढून घेतलेल्या अमेरिकनांपैकी एक. प्रत्येक फोटोत उत्तम कोट, ताठ मान, थेट नजर. फोटोग्राफीवर त्यानं भाषणं दिली. गोऱ्या चित्रकारांनी काढलेल्या विकृत चित्रांना उत्तर म्हणून तो कॅमेऱ्याकडे बघत होता. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी जॉर्जियातल्या काळ्या स्त्रीपुरुषांच्या तीनशेहून अधिक फोटोंचे अल्बम मांडले: शिकलेले, धंदा करणारे, घरात निवांत बसलेले लोक. ह्याच ड्यू बॉइसना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून बाबासाहेबांचा सूट, टाय, चष्मा, हातातलं पुस्तक यांकडे मी 'पेहराव' म्हणून बघत नाही. कोलंबियात शिकलेला माणूस कॅमेऱ्यासमोर कसा उभा राहतो, हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. 'पीपल ऑफ इंडिया'च्या मांडणीत त्या फोटोला जागाच नव्हती.

आणि ६ डिसेंबर १९५६ नंतरची ती अंत्ययात्रा आज आपण हलत्या चित्रात पाहू शकतो ती नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून चित्रीकरण केलं म्हणून. कुठल्या सरकारी खात्यानं ते केलं असतं या भरवशावर ते बसले नाहीत. त्या फिल्मच्या पट्टीवरही जिलेटिनच होतं.

"मोबाइल असताना हा श्रीमंतांचा शौक कशाला?" असं एका कार्यकर्त्यानं मला तोंडावर विचारलं. प्रश्न रास्त आहे. चांदीच्या भावाबरोबर सिल्व्हर नायट्रेटचा भाव वाढतो, आणि शहरात अशा कार्यशाळा बऱ्याचदा ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही आहे त्यांच्याच असतात. मी मुलांना प्लेट बनवायला शिकवते ती त्यांनी पुढे तोच धंदा करावा म्हणून नाही. चित्र बनतं कसं, त्यात काय गाळलं जातं, काय काळं केलं जातं, त्याखाली कुणाचे हात असतात, हे एकदा बोटं काळी करून बघितलेला पोरगा पुन्हा कधी फोटोला पुरावा म्हणून आंधळेपणानं मानत नाही. आणि दुसरं कारण म्हणजे आपल्या पेट्या. धामापूरचा तलाव १५३० मध्ये नागेश देसाईंनी बांधला असं गावात सांगतात. २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळाला. बांध घालणाऱ्याचं नाव पाचशे वर्षं राहिलं. मातीच्या पाट्या वाहणाऱ्यांचं एकही राहिलं नाही. पण १९५६ नंतरच्या आपल्या दोनतीन पिढ्यांचे फोटो आहेत. धम्मदीक्षेच्या रांगा, वाडीतला पहिला मॅट्रिक, मुंबईच्या गिरणीतला मामा. ते पत्र्याच्या ट्रंकांत आहेत, आणि कोकणातला पावसाळा ते खातो आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आजोबा परत आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक फोटो. वीसेक माणसांचा समूह, पांढरे कपडे, मागे कौलारू घर. उजव्या बाजूचे सहासात चेहरे बुरशीनं खाल्लेले. त्यातला एक त्यांच्या वडिलांचा. त्यांनी विचारलं, "ह्याचो दुसरो होयत काय?"

मी त्यांना सांगितलं की बुरशी नुसता कागद खात नाही, कागदावरचं जिलेटिनही खाते. हा फोटोही हाडावरच उभा आहे. ते फोटोकडे बघत राहिले आणि एकदम हसले. "म्हणजे ढोर ओढूचा सोडलेलो आमचो बापूस हाडारच उभो?" मग म्हणाले, "ऱ्हवांदे. आता त्येका कोण ओढूक सांगणा नाय."

आम्ही त्या फोटोची नक्कल आमच्या प्लेटवर काढली. ती मूळ फोटोपेक्षाही वाईट आली, कारण जुन्या फोटोवरचे पिवळे डाग आमच्या प्लेटला काळे दिसले. शेवटी मोबाइलवरच, दारातल्या उजेडात, तिरका प्रकाश टाळून काढला. तो बरा आला. वडिलांचा चेहरा मात्र गेला तो गेलाच.

पुढची कार्यशाळा पुन्हा डिसेंबर-जानेवारीतच, उन्हाळ्यात जिलेटिन गोठत नाही. तोवर घरच्या ट्रंका उघडा. बुरशी धरलेला फोटो ओल्या फडक्यानं पुसू नका, थर निघून येईल. कोरड्या मऊ ब्रशनं झटका. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. प्लास्टिकच्या पिशवीतून काढून साध्या कागदी पाकिटात ठेवा, ट्रंक भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर. पावसाळ्याआधी प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो घ्या. आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं, डावीकडून उजवीकडे, माहीत असेल त्या प्रत्येकाचं नाव लिहा. गाव लिहा, साल लिहा. जात लिहायची गरज नाही.